लाल गाडीची दुसरी किल्ली

आमचे दाजी लालासाहेब फौजेत चोवीस वर्षं गाडी चालवत होते. लडाखच्या बर्फात चालवली, राजस्थानच्या वाळूत चालवली, आसामच्या चिखलात चालवली, पण एवढ्या काळात त्यांनी गाडीची किंमत काय, असा प्रश्न कुणाला विचारला नाही. फौजेत गाडीला किंमत नसते. ती एक तर चालते, नाही तर कंडम होते. त्यामुळे साठी उलटल्यावर एक गाडी विकायची पाळी आली, तेव्हा माणूस पार बुचकळ्यात पडला. आणि दाजी बुचकळ्यात पडले की मला फोन करतात. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, जयराज. सांगलीत विश्रामबागेत राहतो, पॉलिटेक्निकात शिकवतो. शिकलेल्या मेहुण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा, असं त्यांचं मत आहे.

"मास्तर," ते फोनवर म्हणाले, "गाडी तीच हाय, मी त्योच हाय. मग सकाळी साडेअकरा लाख नि दुपारी नऊ, ही काय भानगड?"

"कोण म्हणालं नऊ?"

"हितं मोबाइलात येतंय. कोन म्हनतंय ते दिसत न्हाई."

गाडी साधीसुधी नव्हती. लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी परदेशी स्पोर्ट्स कार. माझा भाचा उदयसिंह कंपनीतर्फे दोन वर्षं जर्मनीत होता. तिथून आल्यावर तो साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, आणि साठवलेले पैसे घेऊन पुण्याला गेला, तो ही जुनी गाडी घेऊनच परत आला. लग्न व्हायचं होतं, विचारणारं कुणी नव्हतं. मात्र घरातली पहिली मोठी वस्तू बापाच्या नावावर असावी म्हणून कागद त्यानं दाजींच्या नावावर केले. गाडी आष्ट्याला मळ्यात आली तेव्हा बघायला अर्धा गाव लोटला होता. दाजींनी सगळ्यांना लांबून दाखवली आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

मग उदयचं लग्न झालं. वाईची रेश्मा सून म्हणून आली, त्यानंतर सृष्टी झाली, आणि तिसऱ्या माणसाला त्या गाडीत जागाच नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. साताऱ्यात त्यांच्या बिल्डिंगच्या उतारावर गाडीचं पोट घासायचं. शेवटी ती आष्ट्याला ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आणून ठेवली. दाजी रोज तिच्यावरची ताडपत्री काढायचे, पुसायचे, चालू करायचे आणि शेतरस्त्याच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणायचे. त्यापुढे खड्डा होता.

इकडे सृष्टी दोन वर्षांची होत आली तरी आजोबांना ओळखत नव्हती. साताऱ्याहून आष्ट्याला यायचं म्हणजे एसटीनं पेठ नाक्याला उतरायचं आणि तिथून दुसरी एसटी धरायची. पोरीला एसटी लागते. दोनदा आली आणि दोन्ही वेळा उलट्यांनी अर्धमेली होऊन आली. दाजींनी घ्यायला हात पुढे केले की आईच्या खांद्यात तोंड खुपसून जी रडायला लागायची, ती परत जाईपर्यंत. मग दाजी बाहेर जाऊन ट्रॅक्टरचा एखादा नट पिळत बसायचे.

"आवं, ल्हान हाय. इसरंल," माझी बहीण आक्का त्यांची समजूत घालायची.

"वळखच न्हाई, तर इसरंल काय?" दाजी म्हणायचे.

म्हणून ही गाडी विकायची होती. विकायची म्हणजे सांगलीच्या एका शोरूमला देऊन टाकायची आणि तिच्या बदल्यात, वर पैसे घालून, घरच्यांना बसता येईल अशी मोठी गाडी घ्यायची. रेश्मा म्हणाली होती, "आप्पा, गाडी आली की दर रविवारी आम्ही तुमच्याकडे." हे वाक्य दाजींनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मला ते त्यांच्या आवाजात पाठ झालं.

आता किंमत. पहिल्यांदा ती मोबाइलला विचारली. मोबाइलनं विचारलं, तुम्ही कितवे मालक? दाजींनी ठोकून दिलं, एकुलता एक. मग उदयनं फोनवर समजावलं की पुण्याचा माणूस पहिला, तुम्ही दुसरे. हे दुरुस्त केल्याबरोबर अडीच लाख गेले. दाजींना हे काही केल्या पटेना. ते म्हणत, मी रोज पुसतो, रोज चालू करतो, माझ्याआधीचा कोण कुठला माणूस निव्वळ माझ्या पुढं उभा हाय म्हणून माझं अडीच लाख जात्यात?

आष्ट्यात जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करणारे गुंडा अण्णा आहेत, ते येऊन बघून गेले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि दीड लाख सांगितला.

"अण्णा, लय कमी सांगतायसा," दाजी म्हणाले.

"ट्रॉली लागत न्हाई, नांगर लागत न्हाई. उसाच्या सरीत उतरीवली तर काढायला दुसरा ट्रॅक्टर लागंल. दीड लाखसुद्धा तुझ्या तोंडाकडं बगून सांगितलं लालासाहेब."

साताऱ्याचा एक दलाल बारा म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं फोन उचलला नाही. कोल्हापूरहून एक हौशी गृहस्थ आले. आत बसताना त्यांचं पोट स्टिअरिंगला अडकलं, बाहेर काढताना दाजींना आणि मला दोन बाजूंनी धरावं लागलं, आणि एवढं झाल्यावर ते म्हणाले, गाडी फार चांगली आहे पण लहान आहे. विम्याच्या कागदावर तर तिसराच आकडा होता. दाजींनी मला विचारलं की विमेवाल्यांना ही किंमत मिळते, तर त्यांनाच का देऊ नये गाडी. मी समजावायला लागलो आणि निम्म्यावर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मलाही ते नीटसं माहीत नाही.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो किलोमीटरचा. गाडी फार कमी चाललेली होती. दाजी हे लपवत होते. ज्या बैलानं कधी जू मानेवर घेतलंच नाही, तो कोण विकत घेईल, अशी त्यांना धास्ती. उलट उदय सांगत होता, की आप्पा, कमी चालली हेच आधी सांगा, त्याचेच पैसे आहेत. दाजींनी डोकं धरलं. "म्हंजे काम करत न्हाई म्हनून जास्त पैसं? मग आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला किती येतील रं मास्तर?"

जनावरांच्या बाजारात अजूनही कुठे कुठे रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. दाजी लहानपणी वडिलांबरोबर जायचे, त्यांना तो पाठ. रुमालाखाली काय चाललंय ते भोवतालच्या शंभर माणसांना दिसत नाही, पण त्या दोघांना पक्कं माहीत असतं. इथं किंमत मोबाइलच्या काचेवर सगळ्या जगाला दिसत होती आणि माहीत मात्र कुणालाच नव्हती. हे दाजींचं म्हणणं, आणि मला त्यात काही चूक काढता आली नाही.

शेवटी सांगलीच्या शोरूमनं गाडी घेऊन यायला सांगितलं. दाजींनी खड्ड्यावर फळ्या टाकून ती बाहेर काढली आणि स्वतः चालवत आणली. मी शेजारी बसलो होतो. रस्त्यातला प्रत्येक स्पीडब्रेकर त्यांनी असा तिरका काढला की मागचे ट्रकवाले नवीन शिव्या शिकले असतील. शोरूममध्ये मयूरी नावाची एक मुलगी आमच्या वाट्याला आली. हुशार, बोलण्यात गोड. तिचा एक माणूस हातात छोटं यंत्र घेऊन गाडीच्या अंगावर ठिकठिकाणी टेकवत फिरला. रंग मूळचा आहे का पुन्हा मारलेला, हे त्यात कळतं म्हणे. दाजी त्याच्या मागोमाग, डॉक्टर पोराला तपासताना बाप फिरतो तसे, फिरत होते.

सगळं पास झालं. किंमत दहा लाख ठरली, शिवाय बदलून घेण्याबद्दल थोडी सवलत. पांढरी सात सीटर समोरच उभी होती, वर उघडणारी काच, म्हणजे सनरूफ, असलेली. उदयनं साताऱ्याहून व्हिडिओवर पाहून होकार दिला. पेढ्यांचा बॉक्ससुद्धा आला. मयूरीनं सहीचे कागद पुढे ठेवले आणि सहज विचारलं, "काका, दुसरी किल्ली आणलीय ना?"

"न्हाई," दाजी म्हणाले.

"हरकत नाही. उद्या पाठवा."

"न्हाई. ती देत न्हाई."

मयूरीला वाटलं तिच्या ऐकण्यात चूक झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दाजींकडे पाहिलं. दाजी टेबलावरच्या पेढ्यांकडे पाहत होते.

"दाजी, हरवली का?" मी विचारलं.

"हरवंल कशानं? घरात हाय."

"मग?"

"हाय, पर देत न्हाई. एका किल्लीवर गाडी चालती की. मी त्यांना एक दिली. बास झालं."

मयूरीनं शांतपणे सांगितलं की अशा गाडीच्या दोन्ही किल्ल्या नसल्या तर पुढचं गिऱ्हाईक घेत नाही. किल्लीच्या पोटात चिप असते, ती परदेशातून मागवावी लागते, ती फार महाग पडते. मग मॅनेजर आला. तो एवढा गोड नव्हता. गाडी विकून झाल्यावर जुन्या मालकाकडे किल्ली राहणार, हे ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं विचारलं नाही, पण त्याच्या मनात काय आलं ते आम्हाला समजलं. चोवीस वर्षं देशाची नोकरी केलेल्या माणसाकडे तो गाडीचोराकडे पाहावं तसा पाहत होता. दाजींचे कान लाल झाले. तरी कारण काही सांगेनात. सव्वा लाख कमी करू, मॅनेजर म्हणाला. बरं, करा, दाजी म्हणाले. त्यावर तर मॅनेजरचा संशय पक्का झाला. एका किल्लीसाठी सव्वा लाख सोडणारा माणूस सरळ कसा असेल? त्यानं दोन दिवस थांबू म्हणून कागद मागे घेतले. पेढे तेवढे आम्हाला दिले.

येताना मी दाजींवर तोंडसुख घेतलं. माझा स्वभाव तापट आहे, आणि त्या गाडीत बसलं की गुडघे छातीला लागतात, त्यानं माणूस आणखीच चिडतो. मी म्हणालो, तुम्हाला गाडी सोडवत नसेल तर तसं सांगा, लोकांचा वेळ कशाला खाता? त्यांनी विश्रामबागेत मला उतरवलं आणि तसेच आष्ट्याला गेले.

संध्याकाळी उदयचा फोन आला. त्याचा आवाज उतरला होता. "मामा, रेश्मा म्हणतेय की आप्पांना ती गाडी आमच्यापेक्षा जवळची आहे. आम्ही यायला नको असेल तर सरळ सांगा म्हणावं. उगाच पोरीला आशा लावू नका."

"पोरीला कसली आशा? ती दोन वर्षांची नाही अजून."

"मामा, ते ती रागात म्हणाली."

मलाही तेव्हा तेच वाटत होतं. म्हाताऱ्याचा जीव त्या लाल डब्यात अडकलाय, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी आष्ट्याला गेलो. दाजी शेडमध्ये होते. गाडीवर ताडपत्री होती आणि ते बाजूला पोत्यावर बसले होते. मी रेश्माचं बोलणं एक शब्द न गाळता त्यांना सांगितलं.

माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नाही.

"असं म्हनली? म्या यायला नगं म्हनतोय, असं?"

"मग दुसरं काय समजायचं तिनं? किल्ली का देत नाही तुम्ही?"

"आवं मास्तर, तुमी काय शेरातच जल्मलाय का? जनावर इकताना दावं देत्यात का कवा?"

आता मात्र मी पोत्यावर बसलो. ही रीत मला ठाऊक होती, आमच्याही घरी होती. बैल विका, म्हैस विका, दावं द्यायचं नाही. घेणारा आपलं दावं आणतो, त्यानं बांधून नेतो. आपलं दावं घरी खुंटीला राहतं आणि पुढचं जनावर त्यालाच बांधतात. दावं गेलं की दावणीची बरकत गेली. पण गाडीला दावं असतं हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

"दाजी, गाडीला कसलं आलंय दावं?"

"ज्यानं घरला बांधून ऱ्हाती ते दावं. मग किल्लीच की." आणि म्हणाले, "त्या पोरीम्होरं कसं सांगू हे? हसली असती."

"तुम्ही मानता हे सगळं? लडाखला गाडी चालवलेला माणूस?"

"मी न्हाई मानत." ते बाहेर बघत होते. "रंगीचा हात बगितलाय न्हवं तुमी?"

रंगुबाई ही दाजींची धाकटी बहीण. तिचा डावा हात कोपरापासून वाकडा आहे. मी तो तीसपस्तीस वर्षं पाहतोय. जन्मतःच तसा असेल, असं धरून चाललो होतो आणि कधी विचारलं नव्हतं.

दाजींनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील आकाराम खरसुंडीच्या जत्रेत बैलजोडी विकायला गेले होते. दाजी तेव्हा शाळेत. घेणारा लांबचा, गरीब माणूस होता, दावं आणायचं विसरला होता. आकारामअण्णांना त्याची दया आली आणि त्यांनी आपली दावी त्याला देऊन टाकली. पुढे नवी जोडी आली. पहिल्यांदाच गाडीला जुंपली, त्या दिवशी रंगुबाई हट्टानं गाडीत बसली. चार वर्षांची होती. कॅनॉलच्या पुलावर बैल बुजले, गाडी कलंडली आणि पोरीचा हात गाडीच्या लाकडी साट्याखाली सापडला. आकारामअण्णा मरेपर्यंत त्या दाव्याबद्दल स्वतःला बोल लावत राहिले.

"बैल नवं हुतं, बुजलं. मला कळतंय ते," दाजी म्हणाले. "दाव्यानं काय हुतं? कायबी हुत न्हाई. पर मास्तर, आता जी गाडी येनार त्यात सृष्टी बसनार हाय. ती न्हवती तवर मीबी हसत हुतो असल्या गोष्टीला. आता न्हाई हसवत."

आम्ही सगळे समजत होतो की म्हाताऱ्याला जुनी गाडी सोडवत नाही. आणि त्याला काळजी होती ती नव्या गाडीची. मला माझी लाज वाटली, आणि तिथेच बसून मी साताऱ्याला फोन लावला.

फोन रेश्मानं उचलला. मी तिला सगळं सांगितलं. ती शहरात वाढलेली मुलगी, वाईच्या बाजारपेठेतली, दावणीशी तिचा संबंध नाही. मला धाकधूक होती की ती हसेल. ती हसली नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, सृष्टी काहीतरी आपटत असावी.

"मामा, आप्पा तिथं आहेत?" तिनं विचारलं. मी फोन दाजींच्या हातात दिला.

"आप्पा, किल्ली द्यायची नाही. घरात ठेवायची."

"सव्वा लाख जात्यात, सूनबाई."

"जाऊ देत. सनरूफ नको आम्हाला. साधी घेऊ."

मागून उदयचा आवाज आला, "अगं, सनरूफ तरी..." आणि तो तिथेच थांबला, कुणी थांबवला ते मला दिसलं नाही. दाजींनी फोन परत दिला आणि ताडपत्रीचं टोक उगाचच नीट केलं.

एवढ्यानं संपायला हरकत नव्हती, पण शोरूमला गेल्यावर नवाच गोंधळ. मयूरीनं कागद पुढे केला. त्यावर छापलं होतं की दुसरी किल्ली माझ्याकडून हरवली आहे. दाजी म्हणाले, सही करणार नाही.

"काका, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"हरवली न्हाई. घरात हाय. खोटं लिवून देत न्हाई."

"मग ती आणून द्या."

"देत न्हाई."

मयूरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिची कीव आली. मी तिला बाजूला घेऊन दाव्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "सर, मला काही समजलं नाही, पण त्यांचं काही वाईट मनात नाही एवढं समजलं." ती आत जाऊन मॅनेजरशी बोलली. मग वर्कशॉपचा माणूस आला. त्यानं सांगितलं की नवी किल्ली गाडीला जोडताना जुनी बाद करता येते. ती घरात राहिली तरी तिनं गाडी चालू होणार नाही. दारांची कुलपंही बदलू. मग किल्ली काकांकडे राहिली काय आणि नदीत टाकली काय, कंपनीला फरक नाही. मॅनेजरच्या कपाळावरची आठी अर्धी गेली. कागदावर 'हरवली आहे' खोडून 'विक्रेत्याने स्वतःकडे ठेवली आहे' असं हातानं लिहिलं.

आता सगळे सुटलो असं वाटलं, तर दाजीच अडले. बाद झालेली किल्ली दावं म्हणून चालंल का? जी गाडी ओळखत नाही, ती कसलं दावं? हा प्रश्न मला सोडवता येईना. पॉलिटेक्निकात असलं काही शिकवत नाहीत. शेवटी आक्काला फोन लावला.

"आवं, खुटीवरच्या दाव्याला तरी बैल कुटं असतोय?" आक्का म्हणाली. "बैल गेल्यालाच असतोय की. घरात दावं असलं म्हंजे झालं. या आता घरला."

दाजींनी सही केली. जाण्याआधी त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून गाडीच्या पुढच्या भागावर हळदकुंकू वाहिलं. लाल रंगावर कुंकू दिसेना, हळद तेवढी दिसली. मग आम्ही दोघे एसटीनं आष्ट्याला आलो आणि त्यांनी किल्ली शेडमधल्या खुंटीला टांगली. मला अजूनही सांगता येत नाही की या व्यवहारात आम्ही नुकसान केलं की फायदा. गाडीची खरी किंमत काय होती, हेही शेवटपर्यंत कळलं नाही.

नवी गाडी उदय येऊन सांगलीहून साताऱ्याला घेऊन गेला. पांढरी, सात जणांची, बंद छताची. त्याच्या पुढच्या रविवारी ते तिघे येणार होते, म्हणून मीही आष्ट्याला गेलो. दाजी इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून शेतरस्त्याच्या तोंडाशी उभे होते. तिथला खड्डा त्यांनी आदल्या दिवशी मुरूम टाकून बुजवला होता.

गाडी आली, खड्ड्यावरून हलकेच पुढे गेली आणि अंगणात थांबली. दाजी मागून चालत आले. उदय उतरला. रेश्मानं मागचं दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. सृष्टी लहान मुलांच्या सीटवर मान टाकून गाढ झोपली होती. उलटी नाही, रडणं नाही. रेश्मानं तिचे पट्टे सोडवले, तिला उचललं आणि दाजींच्या खांद्यावर ठेवलं. ठेवली आणि पिशव्या घेऊन आत गेलीसुद्धा.

दाजी ताठ झाले. नातवंड असं कधी त्यांच्या अंगावर टिकलंच नव्हतं. एक हात तिच्या पाठीवर, एक खाली, आणि पाय जागच्या जागी.

"मास्तर," ते कुजबुजले, "ही उठली तर काय करायचं?"

मला तरी काय माहीत. मी म्हणालो, बघू.

आक्का चहा घेऊन आली, तिला त्यांनी डोळ्यांनीच परत पाठवलं. मी खुर्ची आणली, तीही नको म्हणाले. हललं तर जाग येईल अशी भीती. रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला आणि सृष्टीनं डोळे उघडले. तिनं आधी दाजींच्या कॉलरकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आई कुठे दिसत नव्हती. तिचा ओठ वाकडा व्हायला लागला. दाजी श्वास धरून उभे होते, आणि मीही. तिनं पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. मग तिनं मान परत त्याच खांद्यावर टाकली आणि अंगठा तोंडात घालून डोळे मिटले.

दाजी रडत होते, आणि डोळे पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.